विलायती गाडी आणि कोटरा सुल्तानाबादचा पत्ता

एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर सचिन तेंडुलकरने एकोणतिसावे कसोटी शतक झळकावून डॉन ब्रॅडमनची बरोबरी साधली. त्याबद्दल फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. जुलैमध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरने तिची किल्ली सचिनच्या हातात ठेवली. इथवर सगळे कौतुकाचे होते. गाडी भारतात आणायची वेळ आली तेव्हा कस्टमचा हिशेब पुढे आला. शुल्काचा दर १२० टक्के आणि रक्कम सुमारे १ कोटी १३ लाख रुपये, म्हणजे गाडीपेक्षा शुल्कच मोठे. सरकारने ते माफ केले, त्यावर ओरड झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात पोचले आणि अखेर ती रक्कम फियाटने भरली. २०११ मध्ये सचिनने ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाला विकून टाकली.

आयात गाडीचा विषय निघाला की हा किस्सा हमखास निघतो, आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतो तो शुल्काचा आकडा. पण शुल्क कितीही जबर असले तरी ते एकदाच भरायचे असते आणि आधी कळलेले असते. गाडी दारात आल्यावर जो खर्च सुरू होतो तो दरवर्षीचा असतो, आणि तो ठरतो अंतरावर: गाडीचा कारखाना, सुट्या भागांचे गोदाम आणि तिची नस ओळखणारा मिस्तरी तुमच्या घरापासून किती लांब आहेत यावर. मलबार हिलवर राहणाऱ्याने आणि भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमध्ये राहणाऱ्याने एकच गाडी एकाच किमतीला घेतली, तरी पाच वर्षांनी दोघांचा हिशेब सारखा निघत नाही. या प्रकरणात आपण कोटऱ्यातल्या घराच्या दारातूनच या खरेदीकडे पाहू. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा फोनवर ‘बाबा, आता इम्पोर्टेडच घ्या’ म्हणतो आणि बाबा निवृत्तीच्या पैशांकडे बघत विचारात पडतात, अशी घरे भोपाळच्या मराठी वस्तीतही आहेतच.

आयात म्हणजे किती आयात?

बोनेटवर परदेशी चिन्ह दिसले की आपण गाडीला इम्पोर्टेड म्हणून मोकळे होतो. कस्टमच्या लेखी मात्र तिचे तीन प्रकार आहेत. पहिला, परदेशात पूर्ण बांधून जहाजातून उतरलेली गाडी. व्यवहारात तिला ‘सीबीयू’ म्हणतात. दुसरा, अर्धवट जोडलेली. इंजिन किंवा गिअरबॉक्स आधीच जोडून आलेला, बाकी जुळणी इथे. तिसरा, सगळे भाग सुटे आणून इथल्या कारखान्यात जोडलेली गाडी, म्हणजे ‘सीकेडी’. शुल्काची शिडी याच क्रमाने उतरते. पूर्ण बांधलेल्या गाडीवर उपकर धरून एकूण ७० टक्क्यांपासून ११० टक्क्यांपर्यंत, अर्धवट जोडलेल्या संचावर ३५ टक्के आणि सुट्या संचावर १५ टक्के मूळ शुल्क.

या शिडीमुळे महाराष्ट्रात मोठा जुळणी उद्योग उभा राहिला. मर्सिडीज-बेंझ १९९४ मध्ये टेल्कोच्या साथीने पुण्यात आली आणि २००९ पासून चाकणच्या स्वतःच्या कारखान्यात गाड्या जोडते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा इथे स्कोडा आणि औडी जोडल्या जातात. जग्वार लँड रोव्हरच्या गाड्यांची जुळणी पुण्यात होते. शिडीच्या एका पायरीने किती फरक पडतो, याचा नमुना २०२४ च्या मे महिन्यात मिळाला. कंपनीने रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट या दोन्ही गाड्या इंग्लंडहून बांधून आणण्याऐवजी पुण्यात जोडायचे ठरवले. रेंज रोव्हर स्पोर्टची सुरुवातीची किंमत १ कोटी ६९ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आली आणि मोठ्या रेंज रोव्हरच्या एका प्रकारात ५६ लाखांची घट झाली. इंजिन, सीट, चिन्ह सगळे तेच. बोल्ट कुठे आवळले, एवढेच बदलले.

इतके पैसे पायरीवर अवलंबून असल्यावर वादही होणारच. सप्टेंबर २०२४ मध्ये कस्टम खात्याने स्कोडा-फोक्सवॅगनच्या भारतीय कंपनीला सुमारे १४० कोटी डॉलरच्या शुल्काची नोटीस दिली. जवळजवळ संपूर्ण गाड्यांचे संच वेगवेगळ्या खेपांत ‘सुटे भाग’ म्हणून आणले, असा खात्याचा आरोप होता. कंपनीने तो नाकारून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. ग्राहकापुरता यातला बोध असा की दालनात शिरल्यावर पहिला प्रश्न रंगाचा किंवा इंजिनाच्या ताकदीचा नसावा. ही गाडी कुठे जोडली आहे, ते आधी विचारावे.

पन्नास लाखांचे दीड कोटी

समजा, परदेशातल्या एका पेट्रोल गाडीची किंमत जहाजाचे भाडे आणि विमा धरून मुंबई बंदरात ५० लाख रुपये भरली. ही रक्कम ४० हजार डॉलरहून जास्त आहे, म्हणून ती वरच्या गटात जाते. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर या गटावर मूळ आयात शुल्क ७० टक्के आणि त्यावर कृषी पायाभूत सुविधा उपकर ४० टक्के. त्याआधी मूळ शुल्क १०० टक्के आणि समाजकल्याण अधिभार धरून एकूण ११० टक्के होते. नावे बदलली, बेरीज तीच राहिली.

आता आकडेमोड. ५० लाखांवर शुल्क ३५ लाख, उपकर २० लाख. गाडी १ कोटी ५ लाखांना पोचली. जीएसटी लागतो तो या फुगलेल्या रकमेवर, मूळ ५० लाखांवर नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के आहे, म्हणजे आणखी ४२ लाख. एकूण १ कोटी ४७ लाख. यात विक्रेत्याचा नफा, राज्याचा आजीवन वाहन कर आणि विमा अजून धरलेलाच नाही. मध्य प्रदेशात वाहन कर गाडीच्या किमतीच्या टक्क्यांत असतो. म्हणजे दिल्लीने करांवर कर लावून फुगवलेल्या किमतीवर भोपाळचे आरटीओ आपली टक्केवारी काढणार. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीच्या बिलात एक टक्का आयकर आधीच कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण खिशातून आज जातो.

हीच गाडी विजेवर चालणारी असती, तर जीएसटी पाच टक्केच लागला असता आणि बेरीज १ कोटी १० लाखांच्या आसपास थांबली असती. ४० हजार डॉलरच्या आतल्या गाडीवर शुल्काचा बोजा ७० टक्क्यांचा आहे. टेस्लाने १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात पहिले दालन उघडले, तेव्हा शांघायच्या कारखान्यातून आलेल्या मॉडेल वायची किंमत ५९ लाख ८९ हजारांपासून सुरू होत होती. अमेरिकेत तिची किंमत त्या वेळी ४४,९९० डॉलरपासून, म्हणजे चाळीस लाखांच्या आतच होती. पहिली गाडी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी घेतली.

ही भिंत कधी उभी राहिली?

भारतातल्या सुरुवातीच्या सगळ्या गाड्या आयातच होत्या. संस्थानिकांच्या गाड्यांचा तर थाटच न्यारा. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी तीसच्या दशकात अमेरिकेतून ड्यूसनबर्गची चासी मागवली, तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून काया चढवून घेतली, आणि स्टिअरिंग अर्थातच उजवीकडे. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक बघायला आजही दसऱ्याला लोक जमतात. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्येच जुळणी सुरू केली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढून कुर्ल्याला कारखाना उभा केला. तिथेही सुरुवात परदेशी संच जोडण्यापासूनच झाली.

१९४९ मध्ये सरकारने पूर्ण बांधलेल्या गाड्यांची आयात बंद केली. पुढे भारतात उत्पादन न करणाऱ्या जुळणीवाल्यांनाही निरोप मिळाला आणि पन्नासच्या दशकात जनरल मोटर्स व फोर्ड गेल्या. त्यानंतरची तीन दशके फियाट आणि अँबॅसॅडरच्या प्रतीक्षायादीत गेली. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट असल्यामुळे युरोपीय गाड्या सहज मिळत. मुक्तीनंतरही मर्सिडीजच्या टॅक्सीत बसायचे तर गोव्यातच, अशी स्थिती बरीच वर्षे होती. बाकी देशात परदेशी गाडी मिळायची ती बहुधा एखाद्या वकिलातीने वापरून सोडलेली. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरची संख्येची बंधने उठली आणि त्या जागी शुल्काची भिंत आली. आज ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला आयात गाडी मिळते. पूर्वी ती पैसे असूनही मिळत नसे.

घेणाऱ्याला काय मिळते?

पहिला फायदा निवडीचा. काही गाड्या इथे बनतच नाहीत आणि बनणारही नाहीत, कारण वर्षाला शे-दोनशे गाड्यांसाठी साचे आणि यंत्रे उभारणे कुणालाच परवडत नाही. चाकणला मोठा कारखाना असूनही फोक्सवॅगनने २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय पूर्ण बांधलेलीच आणली. किंमत ५३ लाख. त्याच वर्षी स्कोडाने ऑक्टेव्हिया आरएसच्या फक्त शंभर गाड्या आणल्या आणि त्या विकल्याही गेल्या. हे शक्य झाले २०१८ च्या एका अधिसूचनेमुळे. युरोप किंवा जपानच्या मानकांनुसार प्रमाणित असलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या कंपनीला वर्षाला अडीच हजारांपर्यंत भारतातल्या संपूर्ण चाचण्यांशिवाय आणता येतात. ज्याला अशीच एखादी गाडी हवी आहे, त्याच्यापुढे देशी पर्याय नसतो.

दुसरा फायदा बांधणीचा आणि सुरक्षेचा, पण इथे जुनी समजूत तपासून घ्यायला हवी. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या सुरक्षाचाचणी संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या आदळून पाहिल्या. पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्या काळात ‘जीव प्यारा असेल तर बाहेरची गाडी घ्या’ या सल्ल्यात तथ्य होते. पण डिसेंबर २०१८ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळवले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशाची स्वतःची मोजणी सुरू झाली. पाच तारे आता पंधरा लाखांच्या आतही मिळतात. युरोपीय गाडीचे रस्त्यावर चिकटून चालणे, आतली शांतता, सीटची ठेवण यांचे मोल कमी होत नाही. मात्र सुरक्षेसाठी म्हणून परदेशी गाडी घ्यायचे कारण पूर्वीइतके भक्कम उरलेले नाही.

तिसरा फायदा नव्या तंत्राचा. जे परदेशात आज रस्त्यावर आहे ते इथल्या जुळणीत यायला एक-दोन वर्षे लागतात, कधी येतही नाही. चौथा फायदा कुणी उघड बोलत नाही: चार लोकांनी वळून बघणे. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. लग्नात शालूवर खर्च करणारा समाज गाडीच्या बाबतीतच विरक्त होईल, अशी अपेक्षा कशाला? फक्त हा खर्च हौसेच्या खात्यात लिहावा, गुंतवणुकीच्या नव्हे.

वेगाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे द्रुतगती मार्गावर मोटारीची कमाल मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००. इंदूरजवळ पीथमपूरला ‘नॅट्रॅक्स’ या वाहनचाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची लंबगोल धावपट्टी आहे. तीनशेच्या वेगाचा अर्थ तिथे कळतो. भोपाळहून होशंगाबाद रोडने जाताना त्याच इंजिनाचा चौथा हिस्साही वापरला जात नाही.

कोटऱ्यातून दिसणारे तोटे

आता तीच गाडी कोटऱ्याच्या गल्लीत उभी करू. भदभदा रोड, नेहरू नगर, माता मंदिर, न्यू मार्केट ही रोजची फेरी. पहिला अडसर जमिनीचा. स्पोर्ट्स गाडीचे पोट रस्त्यापासून जेमतेम अर्धी वीत उंच असते आणि आपले गतिरोधक कुठल्याही मानकाला विचारून बांधलेले नसतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की नाही हे कळत नाही. पातळ कडेच्या टायरला तो नेमका कळतो. अशा गाड्यांत बहुधा स्टेपनी नसते, आणि त्या मापाचा टायर जवळच्या दुकानात मिळत नाही.

दुसरा अडसर इंधनाचा. आपल्या पंपांवरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण पेट्रोलमधले इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत आहे. कंपनीने भारतासाठी म्हणून आणलेल्या नव्या गाडीत याची सोय केलेली असते. दुसऱ्या देशासाठी बनलेली, कुणीतरी परस्पर आणलेली गाडी असेल, तर तिच्या रबरी नळ्या आणि इंधनपंप हे मिश्रण किती वर्षे सोसतील, याची हमी कोण देणार?

तिसरा अडसर इलेक्ट्रॉनिक्सचा. जपानी बाजारासाठी बनलेल्या गाडीचा एफएम रेडिओ ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन नव्वदीच्या मागेपुढे संपतो. आपली केंद्रे १०८ पर्यंत पसरलेली, त्यामुळे बरीचशी ऐकूच येत नाहीत. नकाशा टोकियोचा, सूचना जपानीत. मोबाइलशी जोडलेल्या सेवा त्या त्या देशाच्या नोंदणीवर चालतात. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण दीड कोटी मोजून घेतलेल्या गाडीत रोज खटकतात.

आणि सगळ्यात मोठा अडसर अंतराचा. जर्मन कंपन्यांची विक्री आणि दुरुस्ती इंदूरपर्यंत पोचली आहे. भोपाळहून इंदूर सुमारे १९० किलोमीटर, म्हणजे एका दिवसात जाऊन-येऊन होणारे काम. फेरारी किंवा लँबॉर्गिनी असेल तर मुंबई नाहीतर दिल्ली गाठावी लागते, आणि मुंबई इथून पावणेआठशे किलोमीटरवर आहे. गाडी स्वतः चालत असेल तर ठीक. बंद पडली की तिला सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून पाठवायचे. पुढची काच, दिव्याचा संच, एखादा सेन्सर असा भाग जर्मनीहून येणार असेल, तर गाडी काही आठवडे उभी. सुट्या भागांवर आयात शुल्क वेगळे, ते प्रत्येक वेळी. साध्या स्विफ्टचा आरसा फुटला की संध्याकाळपर्यंत नवा बसतो. इथे तीच गोष्ट ई-मेलच्या देवाणघेवाणीने सुरू होते.

विम्यातही खाचा आहेत. विमा कंपनी गाडीची घोषित किंमत दरवर्षी उतरवत नेते: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घट, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. दीड कोटीची गाडी पाचव्या वर्षी कागदावर पाऊण कोटीची असते. दावा करताना प्लॅस्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांची निम्मीच किंमत मिळते, आणि आधुनिक गाडीचा पुढचा भाग बहुतेक प्लॅस्टिकचाच असतो. म्हणून अशा गाडीला घसारा न कापणारे वाढीव कवच घेणे जवळजवळ सक्तीचे होते. विकताना फटका आणखी मोठा, कारण भोपाळमध्ये तिला गिऱ्हाईक मोजकेच, आणि त्यांनाही हाच हिशेब येतो.

शेवटचा धोका कंपनीच निघून जाण्याचा. शेव्हरोलेच्या गाड्या तर आयात नव्हत्या. पुण्याजवळ तळेगावातच बनत होत्या. तरी जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही थांबले, आणि मालकांच्या गाड्यांचा भाव घसरला. जिचा इथे कारखानाही नाही, ज्या कंपनीची दालने देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, तिने उद्या गाशा गुंडाळला तर तिच्या मालकाने काय करायचे?

वापरलेली आयात गाडी: स्वस्ताईतली मेख

नवी परवडत नाही म्हणून जुनी परदेशातून मागवावी, असे अनेकांच्या मनात येते. कायद्याने ही वाट मुद्दाम अरुंद ठेवली आहे. वापरलेली गाडी उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. स्टिअरिंग उजवीकडे, वेगदर्शक किलोमीटरमध्ये, दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. ती मुंबई बंदरातूनच यायला हवी. शुल्क आणि उपकर मिळून बोजा १३७.५ टक्के, जीएसटी वेगळा. आखातात नोकरी करून परतणाऱ्या मराठी कुटुंबांचा इथेच हिरमोड होतो. दुबईची गाडी कितीही जपून वापरलेली असली, तरी तिचे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे ती तिथेच विकून यावे लागते.

चाचण्यांचे काम केंद्रीय मोटार वाहन नियमांनी काही संस्थांकडे सोपवले आहे. त्यांतली प्रमुख नावे मराठी वाचकाच्या ओळखीची: पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. यादीतली एक संस्था तर भोपाळजवळ नर्मदाकाठच्या बुधनीत आहे, फक्त तिचा मुख्य व्यवहार ट्रॅक्टर आणि शेतीच्या यंत्रांशी.

वाट अरुंद असली की आडवाटा फुटतात. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टमने ‘ऑपरेशन नुमखोर’ नावाची मोहीम काढली. भूतानमार्गे आत आणून खोट्या कागदांवर नोंदवलेल्या महागड्या गाड्यांचा माग काढणे हा तिचा उद्देश होता, आणि बऱ्याच गाड्या जप्त झाल्या. पर्यटकाच्या तात्पुरत्या परवान्यावर आलेली गाडी परत न पाठवता इथेच विकणे, बिलावर किंमत कमी दाखवणे, हेही प्रकार जुने आहेत. १९६२ च्या कस्टम कायद्याखाली गाडीच जप्त होऊ शकते. ती चौथ्या मालकाच्या अंगणात उभी असली, तरी आधी तिलाच कुलूप लागते.

म्हणून भोपाळमध्ये कुणी ‘दिल्लीची गाडी, एकदम मख्खन’ म्हणून जुनी विलायती गाडी दाखवली, तर आधी कागद बघावेत. कस्टमचे बिल ऑफ एंट्री मूळ नोंदणीशी जुळते का? चासी क्रमांक वाहन पोर्टलवर तोच दिसतो का? मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आहे का? दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर एमपी ०४ चा क्रमांक घ्यावा लागतो आणि कर भरावा लागतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार असल्याने तिथल्या मोठ्या गाड्या बाहेरच्या राज्यांत स्वस्तात उतरतात. त्यांची किंमत मोहात पाडते. पुढे एअर सस्पेंशन गेले की तो मोह व्याजासकट वसूल होतो.

थांबावे का?

शुल्काची भिंत आता हलू लागली आहे. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचे ठरले. जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय संघाबरोबरच्या कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्यातही कोट्याच्या मर्यादेत अशीच उतरण आहे. या सवलती वर्षागणिक आणि मोजक्या गाड्यांना मिळणार असल्याने दालनातले भाव एका रात्रीत निम्मे होणार नाहीत. तरी आज संपूर्ण शुल्क भरून घेतलेल्या गाडीच्या पुनर्विक्रीवर त्यांची छाया पडणारच. नवी गाडी वीस-पंचवीस लाखांनी उतरली, तर जुनीला आजच्या हिशेबाने कोण भाव देईल? घाई नसेल, तर थांबण्यात तोटा दिसत नाही.

करार काहीही होवोत, इंदूर १९० किलोमीटरवर आणि मुंबई पावणेआठशेवर हे अंतर मात्र कमी होणार नाही. ते कापले जाते फक्त कंपनीने तुमच्या जवळ दुरुस्ती केंद्र उघडल्यावर, आणि केंद्र उघडते गाड्या पुरेशा खपल्यावर. म्हणून कोटऱ्यातल्या घराला परदेशी चिन्हाची हौस असेलच, तर पुण्यात किंवा शेंद्र्यात जोडलेली गाडी घ्यावी. शुल्क कमी, भाग इथे, केंद्र इंदुरात, आणि गल्लीत उभी राहिल्यावर चिन्ह तेवढेच चमकते. पूर्ण बांधलेली आयात गाडी त्याने घ्यावी, ज्याला तीच गाडी हवी आहे, ती भारतात बनत नाही, आणि जिच्यावाचून घराचे कामकाज अडत नाही. म्हणजे रोजच्या कामाला दारात दुसरी गाडी आहे. एकुलती एक गाडी म्हणून विलायती गाडी घेणाऱ्याला वर्षातले काही आठवडे ऑटोरिक्षाने न्यू मार्केट गाठावे लागेल. तो खर्च त्याने गाडीच्या किमतीत आधीच मिळवून ठेवावा.